आखूडरावांची चार अक्षरं

माणूस सहा फूट दोन इंच उंच, आणि सगळी गल्ली त्याला आखूडराव म्हणते. नवीन आलेला माणूस आधी त्यांच्या उंचीकडे बघतो, मग आमच्याकडे, आणि आम्ही थट्टा करतोय असं समजून गप्प बसतो. खरं कारण साधं आहे. आखूडराव दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि पाटी करायला आलेल्या प्रत्येकाला एकच सल्ला द्यायचे: नाव आखूड करा.

आता पाटीचा दर असतो अक्षरावर. अक्षरं जास्त तर पैसे जास्त. दुसरा कुठलाही पेंटर 'आणि कंपनी', 'यांचे सुप्रसिद्ध' असले शब्द गिऱ्हाइकाला स्वतःहून सुचवतो. हे महाराज स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार. "रस्त्यानं जाणारा माणूस सात पावलांत तुमच्या दुकानापुढून निघून जातो," ते म्हणायचे. "सात पावलांत वाचून होत नाही ते रंगवून करायचंय काय?" लोकांना नाव हवं असतं आखूडशिंगी बहुदुधी. छोटंही हवं, त्यात आजोबाही हवेत, धंदाही कळायला हवा. त्यांच्याशी तासभर वाद घालून आखूडराव एकोणीस अक्षरांची पाटी सहा अक्षरांवर आणायचे, सहाच अक्षरांचे पैसे घ्यायचे आणि वर खूश व्हायचे.

त्यांच्या कामाच्या भाड्याच्या खोलीसमोर, रस्त्याच्या या बाजूला माझं दुकान. झेरॉक्स, टायपिंग, फॉर्म भरणे, लॅमिनेशन, आणि कोपऱ्यात इंटरनेटचा कॉम्प्युटर. मला झेरॉक्सताई म्हणतात. मी तापट आहे असंही म्हणतात. दिवसातून चाळीस माणसं 'जरा एवढंच एक प्रिंट' म्हणत मोबाइलमधून चुकीचं पान पाठवतात, त्यांच्याशी कुणी गोड राहून दाखवावं, मी त्याची शिकवणी लावीन. आखूडरावांना मी तोंडावर दादा म्हणते आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनी दोन गल्ल्या पलीकडे घरीच शाळेचे गणवेश शिवतात. त्या कमी बोलतात आणि नेमकं बोलतात, म्हणून मी त्यांना थोडी घाबरून असते.

बारा वर्षांपूर्वी एक सुतार दादांकडे पाटी करायला आला. फोन नंबरच्या खाली त्याला आपलं इंटरनेटवरचं नाव लिहून हवं होतं, आणि ते होतं सव्वीस अक्षरी. दोन फुटांच्या पत्र्यावर सव्वीस अक्षरं मुंगीएवढी येतात. दादांनी नेहमीचा सल्ला दिला. सुतार म्हणाला, "आखूड नावं संपली हो. लोकांनी आधीच घेऊन ठेवलीत. मागायला गेलं की किंमत सांगतात."

दादा हातात ओला ब्रश तसाच घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. "नाव घेऊन ठेवतात म्हणजे काय गं?"

मी सांगितलं. डोमेन म्हणतात त्याला. सगळ्या जगात एक नाव एकालाच मिळतं. दरवर्षी थोडे पैसे भरायचे, भरताय तोवर नाव तुमचं. भरायचं थांबलं की काही दिवसांनी ते सुटतं आणि जो आधी धरेल त्याचं होतं. काही लोक छोटी, सुटसुटीत नावं धरून बसतात आणि ज्याला धंद्यासाठी हवं असेल त्याला विकतात. फॉर्म भरायला आलेल्या माणसाला सांगावं तसं मी एका दमात सांगून टाकलं आणि मग जीभ चावली, कारण दादांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे," ते म्हणाले, "नाव आखूड ठेवायचे पैसे मिळतात?"

आयुष्यभर ज्या गोष्टीपायी माणसानं स्वतःचं नुकसान केलं, त्याच गोष्टीला जगात कुठंतरी भाव आहे हे त्याला एके दिवशी कळलं, तर त्याला कोण थांबवणार? मीही थांबवलं नाही. त्यांचा स्वतःचा ई-मेल नव्हता, म्हणून नावं घेताना माझ्या दुकानाचा ई-मेल पत्ता टाकला. पुढे जे रामायण झालं त्याचं बीज तेच, आणि ते माझ्याच हातानं पेरलेलं.

पहिल्या वर्षी दादांनी नऊ नावं घेतली आणि सगळी चुकीची घेतली. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यांनी नावं निवडली ती रंगवायला सुंदर म्हणून. त्यांना इंग्रजी क्यूची शेपटी ओढायला फार आवडायची. नऊपैकी सहा नावांत क्यू होता आणि दोनांत तर दोन-दोन. प्रत्येक नाव त्यांनी पत्र्यावर रंगवलं आणि खोलीच्या भिंतीवर टांगलं. दिसायला एकेक पत्रा असा देखणा की बघत राहावं, पण म्हणायला गेलं की ठसका लागायचा. "हे वाचायचं कसं?" मी विचारलं. "वाचायचं कशाला, बघ की," असं उत्तर मिळालं.

मग त्यांनी परीक्षा शोधून काढली. त्यांच्या सासूबाई दुसऱ्या गावी मुलाकडे असतात आणि त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. दादा त्यांना फोन लावायचे आणि नाव एकदाच सांगायचे. सासूबाईंनी ते पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलं तर नाव पास, नाहीतर नापास. "माणूस नाव ऐकतो तो फोनवर, गर्दीत, अर्धं लक्ष दुसरीकडे असताना," दादा म्हणायचे. "आईंना कळलं तर जगाला कळेल." हे फोन रस्त्यावर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात चालायचे. एकदा लागोपाठ सात नावं नापास झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावईबापू, पोरीची तब्येत कशी आहे ते आधी सांगा, मग तुमची नावं सांगा." तरी त्यांनी कधी फोन ठेवून दिला नाही. मला वाटतं त्यांना मजा येत असावी. घरात बाकी कोण त्यांना काही विचारत होतं?

परीक्षेला बसवलेली नावं चांगली निघाली. दोन-तीन वर्षांत बावीस जमली, पाच-पाच सहा-सहा अक्षरांची. आणि मग आलं तुवी.

टी, यू, व्ही, आय. चार अक्षरी आणि पुढे डॉट कॉम, सगळ्यात जुनं आणि मागणी असलेलं शेपूट. असलं नाव फुकट पडलेलं कधीच मिळत नाही. कुणा परक्या माणसाकडे होतं, तो विकायला तयार होता. दादांनी सासूबाईंना फोन लावला. त्यांनी "तुवी" असं लगेच म्हटलं आणि विचारलं, "कुणाच्या बाळाचं?" दादांनी त्याच आठवड्यात स्कूटर विकली आणि तुवी घेतलं.

वहिनींना विचारलं होतं, पण स्कूटर विकून आल्यावर. त्या स्कूटरवर मागे बसून वहिनी दर रविवारी आपल्या बहिणीकडे जायच्या. त्या भांडल्या नाहीत. फक्त तेव्हापासून बहिणीकडे पायी जाऊ लागल्या, आणि या नावांपैकी एकही नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. "तुमचं ते", एवढंच. "तुमच्या त्याचे पैसे भरलेत का?" "तुमचं ते कुणी विचारलं का?" दहा वर्षं हेच.

विचारत कुणी नव्हतं. दोन नावं सुरुवातीच्या वर्षांत विकली गेली, त्यांतून बाकीच्यांचं वर्षाचं भाडं कसंबसं निघालं. तोवर फ्लेक्स आले होते आणि पाट्यांचं काम निम्म्याहून कमी झालं होतं. तीन वर्षांपूर्वी दादांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण जाणारही नाही. ज्या हातानं खडूची रेघ न मारता सरळ ओळ काढली जायची, त्या हातातून चहाचा कप सांडायला लागला. मी तेव्हापासून त्यांना अर्धा कपच द्यायला लागले. त्यांनी ते ओळखलं होतं.

दरवर्षी दोन-चार नावं सोडून द्यावी लागत. एखादं नाव सुटलं की दादा भिंतीवरचा तो पत्रा उलटा करून टांगायचे, रंगवलेली बाजू भिंतीकडे. गेल्या वर्षी मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा सगळी भिंत उलट्या पत्र्यांची होती आणि मधोमध एकटं तुवी सुलटं होतं. मला एकदम रडू आलं. मी बाहेर येऊन एका गिऱ्हाइकावर उगाच ओरडले.

या वर्षी घरात ठरलं. वहिनींनी दादांकडून शब्द घेतला: चौदा तारखेला तुवीची मुदत संपते, या वेळी भरायचं नाही. महिनाअखेर खोलीची किल्ली मालकाला परत द्यायची, आणि दादांनी फ्लेक्सवाल्याकडे कामाला लागायचं, छापून आलेले फ्लेक्स चौकटीवर ताणून ठोकायचे. ज्यानं पोटावर पाय दिला त्याच्याच दारात. दादा नऊ तारखेला हे मला सांगायला आले तेव्हा हसत होते. ते हसू मला बघवत नव्हतं.

"वेडेपणा होता गं," ते म्हणाले. "तिचं बरोबर आहे. मला वाटायचं, मला नावातलं कळतं. फक्त एवढं तरी कळायला हवं होतं की खरंच कळतं की नाही." मग म्हणाले, "पैसे आपोआप कापले जाणार नाहीत ना, तेवढं बघून ठेव."

ते गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला आणि मुदतीची सूचना शोधायला ई-मेलवरच्या पत्रांमध्ये तुवी असं टाइप केलं.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, दादांनीच रंगवलेलं: 'पैसे देतो म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका.' सहा वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याच कॉम्प्युटरवर बसलेले असताना कुणीतरी त्यांना लुबाडलं. बक्षीस लागलंय म्हणाले, आणि सर पैसे भरत गेले. मी शेजारीच लॅमिनेशन करत होते. त्या दिवसापासून पैशांचा वास असलेलं कुठलंही पत्र मी न उघडता कचऱ्यात टाकते, आणि दर शनिवारी अभिमानानं टाकते.

शोध घेतल्यावर कचऱ्याच्या पेटीतून तीन पत्रं वर आली. एकाच बाईंची. 'तुमचं तुवी हे नाव विकत घ्यायचं आहे.' शेवटच्यात लिहिलं होतं, 'हे माझं पाचवं पत्र. उत्तर नाही, म्हणजे तुम्हाला विकायचं नाही असं समजते. आम्ही दुसऱ्या नावाचं काम सुरू करत आहोत.' तारीख, आठ दिवसांपूर्वीची. आधीची दोन पत्रं महिना उलटून गेल्यामुळे पेटीतूनही पुसली गेली होती.

खरं सांगते, पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. कुणाला कळलं असतं? चौदा तारीख आली असती, नाव सुटलं असतं, आणि मी दादांना अर्धा कप चहा देत राहिले असते. दहा मिनिटं मी तशीच बसून होते. मग ते पत्र छापलं आणि रस्ता ओलांडला.

दादा जुने ब्रश धुऊन वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत होते. मी कागद हातात दिला आणि काय झालं ते सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न लपवता. त्यांनी कागद दोनदा वाचला. 

"पाच वेळा विचारलं तिनं?" ते म्हणाले.

"पाच वेळा."

"म्हणजे कळत होतं मला," ते हळूच म्हणाले.

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं.

पत्रात फोन नंबर होता. मी तरी त्यावर फोन केला नाही. एकदा दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आधी त्या बाईंच्या दुकानाचा नंबर वेगळा शोधला आणि तिथं लावला. मागे एक लहान मूल 'मला नको चष्मा, मला नको' म्हणून भोकाड पसरत होतं. एवढं अस्सल रडणं कुठला भामटा आणणार? माझा विश्वास बसला.

बाई लहान मुलांचे चष्मे करायच्या. सहा दुकानं होती, सहा वेगवेगळ्या नावांची, आता सगळ्यांना एकच नाव द्यायचं होतं. मी माफी मागितली. ती मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती जरा चिडल्यासारखीच ऐकू गेली असणार. त्या म्हणाल्या, "उशीर झालाय हो. दुसरं नाव ठरल्यात जमा आहे, पुढच्या शनिवारी छापायला जाईल. पुढच्या गुरुवारी मी तुमच्याच बाजूनं जाणार आहे, येऊन जाईन. पण शब्द देत नाही."

गुरुवार म्हणजे सोळा तारीख. मुदत चौदाला संपत होती. संपल्यावरही काही दिवस सवलत मिळते हे मला माहीत होतं, पण मुदत संपलेलं नाव घेऊन गिऱ्हाइकापुढे बसायचं? मी म्हटलं, "दादा, भरून टाकू." दादांनी मान हलवली. "नाही. घरी शब्द दिलाय."

मग मी वहिनींकडे गेले. मशीनवर गणवेशाच्या बाह्या चालल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, पत्रांचं, कचऱ्याचं, गुरुवारचं. वहिनींनी बाही पूर्ण होईपर्यंत मशीन थांबवलं नाही. मग दोरा तोडला.

"चूक कुणाची, ताई?"

"माझी."

"मग तुमच्या चुकीचे तुम्ही भरा. ह्यांचा शब्द ह्यांच्यापाशी राहू दे." आणि दुसरी बाही उचलली. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि गुरुवारी त्यांना तो हिरवा शर्ट घालायला सांगा. माझं ऐकणार नाहीत."

मी त्याच संध्याकाळी पैसे भरले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात दंड भरलेला नाही.

गुरुवारी चष्मेवाल्या बाई आल्या. ठेंगण्या, चटपटीत, स्वतःचा चष्मा दोरीनं गळ्यात. माझ्या दुकानातच बसलो, कारण दादांच्या खोलीत एकच स्टूल. दादा हिरव्या शर्टात कोपऱ्यात असे उभे की जणू तेच काहीतरी मागायला आलेत. बाईंनी पिशवीतून ठरत आलेल्या नावाचा नमुना काढला. चौदा अक्षरी. कागदाची पट्टी माझ्या टेबलावर मावेना.

"मुलांना आवडेल असं आहे," बाई म्हणाल्या, पण त्यांच्याच आवाजात जोर नव्हता. "खरं म्हणजे तुवीच हवं होतं. पण आता दारांची मापं घेऊन झालीत, सगळं नव्यानं करायचं म्हणजे..."

"दार काचेचं?" दादांनी विचारलं. ते पहिल्यांदाच बोलले.

"हो. सगळीकडे काचेचीच."

"रुंद किती?"

"अडीच फूट."

दादांनी त्या पट्टीकडे बघितलं आणि ते बाहेर गेले. मला वाटलं, माणूस खचला. पाच मिनिटांत ते परत आले, हातात निळ्या रंगाचा डबा, दोन ब्रश, चिकटपट्टी आणि हाताला टेकू द्यायची ती जुनी काठी. मला न विचारता त्यांनी माझ्या दुकानाच्या काचेच्या दारावर बाहेरून पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली.

बाईंनी घड्याळ बघितलं. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, पूर्ण कप, आणि म्हटलं, "बसा. तुमची पाच पत्रं मी फेकली, पण हे बघितल्याशिवाय जाऊ देणार नाही."

पूर्वी ज्या कामाला दहा मिनिटं लागली असती त्याला पाऊण तास लागला. दादांनी अक्षरं एकाखाली एक काढायला घेतली, वरून खाली. काठीवर मनगट टेकवायचं, श्वास रोखायचा, एक रेघ ओढायची, थांबायचं. व्हीच्या टोकाशी हात एकदा इतका हलला की मी मान फिरवली. त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, हात खिशात घालून थोडा वेळ उभे राहिले, आणि पुन्हा सुरुवात केली. रस्त्यावर माणसं जमली होती.  पट्ट्या काढल्या तेव्हा चार अक्षरं दारावर उभी होती, प्रत्येक हातभर उंच. शेवटच्या आयची एक कड किंचित वाकडी होती. आजही आहे.

बाई बाहेर जाऊन बघून आल्या. "छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "अरुंद दारावर एवढं मोठं बसेल असं वाटलं नव्हतं."

"आता आतून बघा," दादा म्हणाले.

आम्ही आतून बघितलं. काचेवर बाहेरून लिहिलेलं आतून उलटं दिसतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्याच शेजारच्या काचेवरचं 'झेरॉक्स' मी वीस वर्षं उलटं वाचतेय. पण दारावरचं तुवी आतूनही तुवीच होतं. टी तसाच, यू तसाच, व्ही आणि आय तसेच. चारही अक्षरं डावीउजवीकडे सारखी, आणि उभी लिहिल्यामुळे क्रमही बदलत नव्हता.

बाई बाहेर गेल्या, आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मुलाला पहिल्यांदा चष्मा घातला ना, की ते सगळ्यात आधी दाराकडे बघतं. उजेड तिकडून येतो म्हणून. आणि तिथं उलटी अक्षरं असतात. वाचता येत नाही म्हणून रडतात, चष्मा खराब आहे म्हणतात." त्यांनी दादांकडे बघितलं. "तुम्हाला हे आत्ता सुचलं?"

"घेतलं तेव्हाच बघितलं होतं," दादा म्हणाले. "कुणी विचारलं नाही."

बाईंनी त्या चौदा अक्षरांच्या पट्टीची घडी घातली, पिशवीत टाकली आणि एक आकडा सांगितला. तो मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की स्कूटरवाल्याचं अख्खं दुकान डोळ्यांपुढे आलं. आणि आमच्या दादांनी काय करावं? सवय ती सवय. "एवढं कशाला," ते म्हणाले, "जरा आखूड करा." मी टेबलाखालून त्यांच्या पायावर अशी लाथ मारली की ते खालीच बसले. "त्यांचा होकार आहे," मी म्हटलं. बाई हसल्या. त्यांनी आकडा आखूड केला नाही.

पुढचं मी बघितलं. पैसे आधी मध्यस्थ कंपनीकडे जमा, मग नाव बाईंच्या खात्यात, मग पैसे दादांकडे. प्रत्येक पत्र मी तीनदा वाचलं आणि एकही कचऱ्यात टाकलं नाही. अकरा दिवसांत सगळं पार पडलं. खोलीची किल्ली दादांच्याच खिशात राहिली. बाईंनी सहाही दारांची अक्षरं दादांनीच आखून द्यावीत असं सांगितलं. हात हलला तरी चालेल, म्हणाल्या, छापणारा ती तशीच्या तशी उचलेल.

व्यवहार पूर्ण झाला त्या दिवशी दादा ब्लेड घेऊन माझ्या दारावरचं नाव खरवडायला आले. "आता ते आपलं नाही," म्हणाले. "दुसऱ्याचं नाव दारावर ठेवणं बरं नाही." त्यांच्यामागून वहिनी आल्या. माझ्या दुकानात त्या कधीच येत नसत. आत येऊन स्टुलावर बसल्या, पदरानं घाम पुसला. बहिणीकडून चालत आल्या होत्या.

"स्कूटर घ्या की आता," मी म्हटलं.

"नको. चालायची सवय झाली," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांची नजर दाराकडे गेली. काचेपलीकडे दादा ब्लेड हातात घेऊन उभे होते आणि मधे ती चार निळी अक्षरं.

"तुवी," वहिनी म्हणाल्या.

दार उघडंच होतं. दादांनी ऐकलं. त्यांचा हात काचेवर होता तिथेच राहिला. दहा वर्षांनी त्यांनी ते नाव वहिनींच्या तोंडून ऐकलं होतं.

"राहू द्या ते," वहिनी त्यांना म्हणाल्या. "बाईंना विचारून घेऊ. त्या नाही म्हणणार नाहीत." मग हात पुढे केला. "तो खिशातला कागद द्या."

"कुठला कागद?"

"अहो, सकाळपासून खिशाला हात लावताय. नवीन नाव लिहिलंय ना? द्या इकडे."

दादांनी गुपचूप कागद दिला. वहिनींनी तो लांब धरून वाचला, मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितला, आणि माझ्या टेबलावरचा फोन पुढे ओढून नंबर फिरवला. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

"आई, मी बोलतेय. चांगल्या कानाला लाव. नीट ऐक हं, एकदाच सांगणार आहे."